चौकातली डहाळी

"आई, युस्तीना मावशींची डहाळी अजून चौकातच लटकतेय!" बुधवारी यास्नाने मला सांगितलं. मी बाळाला भरवत होते. म्हटलं, "लटकू दे. तू आधी जेव."

इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या माथ्यावर, स्लोव्हेनी आणि इटालियन शेजारी राहतात अशा आमच्या गावात घरची वाइन वर्षातून आठच दिवस विकता येते. चौकात आयव्हीच्या वेलाची डहाळी टांगली की विक्री सुरू; शेवटच्या संध्याकाळी ती उतरवायचीच. एकट्या राहणाऱ्या मावशींची विक्री मंगळवारी संपली होती. आणि त्यांची डहाळी आजवर एक रात्रही जास्त राहिली नव्हती!

गुरुवारी यास्ना आणि तिचा इटालियन दोस्त एलियो मावशींच्या फाटकाशी पोचले. फाटक आतून बंद! भिंत दोन पुरुष उंच. एलियोने कान लावला.

"टक... टक... ऐकलंस?"

"तळघरातून येतंय! पळ!"

समोरच्या इमारतीतल्या इटालियन बाई खिडकीतूनच म्हणाल्या, "एलियो, त्या स्लोव्हेनी लोकांचं ते बघतील. तू कशाला नाक खुपसतोस?"

चर्चजवळ पत्ते कुटणारे आमचे स्लोव्हेनी काका म्हणाले, "दारासमोर इटालियन राहतात ना? काही असतं तर बोंबलले असते!"

पोलीस हसला. "पिंपं वाजतात रे. सुट्टीत दुसरा उद्योग नाही?"

"मोठी माणसं कशासाठी धावतात, ठाऊक आहे?" एलियो दात खात म्हणाला.

"फुकटच्या वाइनसाठी!"

दोघांनी चौकात ताजी डहाळी टांगली. खाली दोन पाट्या, एक तिच्या भाषेत, एक त्याच्या: 'युस्तीनाकडे शेवटचं पिंप. फुकट!'

अर्ध्या तासात फाटकापुढे तीसेक माणसं! बाई, काका, पोलीससुद्धा. बाळाला कडेवर घेऊन मीही.

"फाटक उघडा की!" काका ओरडले.

"गप्प बसा सगळे!" यास्ना किंचाळली. "ऐका!"

टक... टक.

काकांनी पहार आणली. कडी तुटली. तळघराच्या पायऱ्यांखाली मावशी पडल्या होत्या. खुबा मोडलेला, हातात पायरीवर आपटून चेपलेला रिकामा मग.

"शाबास, पोरांनो!" पोलिसाने पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या.

स्ट्रेचरवरून मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मंगळवारपासून हाका मारतेय. आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या. पावलं ऐकू यायची, पुढे जायची. आज बरी थांबली!"

टाळ्या बंद पडल्या. यास्ना माझ्याकडे नुसती बघत राहिली.

तुमच्या गल्लीतही असं एखादं बंद दार असेल. 'दुसरं कुणी बघेल' असं तिथे सगळ्यांनाच वाटत असेल. पुस्तक उलटं ठेवा आणि आधी ते दार वाजवून या.