दारावरच्या म्हाताऱ्याला रजा

सहा वर्षांच्या मुलीला असली गोष्ट ऐकू देणारी आई कसली, ह्या विचाराने परवा मला झोप लागली नाही. बेगिमायला उचलून आत न्यायला हवं होतं. पण शेवट मलाच ऐकायचा होता.

पहिल्या बर्फाचा गुरुवार. आमच्या भागातली वीज गेलेली. माझे सासरे बिश्केकमध्ये कॉम्प्युटरच्या डिस्क दुरुस्त करण्यात जन्म काढलेले. चहाची वाटी फुंकत म्हणाले, "आमच्या दुकानातल्या दूरोनबेकचं सांगतो. असाच गुरुवार. कुबात नावाचा माणूस बायकोचा लॅपटॉप घेऊन आला. आइनुरा, महिन्यापूर्वी वारलेली. म्हणाला, तळापासून पुसून टाक. दूरोनबेकने आधी उघडून पाहिलं. तिने चोरून केलेलं रेकॉर्डिंग होतं. 'कुबात, नको.' मग जिन्यावरून पडल्याचा आवाज."

"ढकललं?" बेगिमाय.

"तू तुझा तळलेला बोरसोक खा. दूरोनबेकने सगळं ऐकलं, आणि म्हणाला, 'पुसतो.'"

पुढचं त्यांनी नातीला समजेल असं सांगितलं. डिस्क आतच डकवलेली, सुटी होईना. आणि पुसायचं म्हणजे वरून लिहायचं, पण चालू डिस्कवर थेट लिहू द्यायला मशीनच्या गाभ्यातला प्रोग्राम, म्हणजे कर्नल, तयार नसतं. "कर्नल म्हणजे दारावरचा म्हातारा. जे काही असेल ते माझ्यामार्फत, म्हणणारा."

"तुमच्यासारखा," बेगिमाय म्हणाली.

"माझ्यासारखाच. दूरोनबेकने नवं कर्नल बांधलं, त्यात म्हाताऱ्याला रजा दिली. आमच्या धंद्यात रीत अशी, की आधी आपल्या मशीनवर चालवून बघायचं. बघितलं. मग लॅपटॉप पुसला. पण आपल्या मशीनवर जुनं कर्नल परत लावायला विसरला."

"मग?"

"दार उघडंच राहिलं... उघडं दार सगळ्यांनाच उघडं."

मी बेगिमायला जवळ ओढलं. ती सरकली नाही.

"सकाळी त्याच्या मशीनवरचे मुलाचे फोटो गेलेले. जन्मापासूनचे. एकही नाही. डिस्क तळापासून वाचली. एकच फाइल... 'कुबात, नको.' जिना. जुनं कर्नल लावलं. तेच. नवी डिस्क आणली, सीलबंद. फोडली. लावली..."

सासऱ्यांनी वाटी खाली ठेवली. चहा गार झाला होता.

"तेच. फक्त पडल्याच्या आवाजानंतर आणखी एक शब्द. दूरोनबेकच्या आवाजात. 'पुसतो.' हे तो दुकानात म्हणाला होता, बाई गेल्यावर महिन्याने. तेव्हा रेकॉर्डिंग कोणीच करत नव्हतं."

भूत नसतं, हे तिला सांगायला मी मनात जुळवून ठेवलं होतं. मेणबत्ती लावून झोपू, तेही.

बेगिमायने बोरसोक ताटलीत ठेवला. "मग त्याने ते पोलिसांना ऐकवलं का?"