उशाचा दिवा

"माझ्या लेकीची मेहनत जावयानं गिळली," म्हातारे घड्याळजी दारातूनच म्हणाले.

बाईंनी त्यांना बसवलं. चौकशीची कामं घेणाऱ्या बाई आधी माणसाला बसवत, मग गुन्ह्याला हात घालत.

लेक हिवाळ्यात वारली होती. तिनं लिहिलेला प्रोग्राम जावयानं शुक्रवारी सगळ्यांना फुकट वापरता यावा म्हणून इंटरनेटवर खुला केला. प्रोग्राम असा ठेवतात त्या जागेला रेपॉझिटरी म्हणतात. तिथं नुसता कोड नसतो. कोणी काय लिहिलं, काय खोडलं, त्याच्या सगळ्या नोंदीही राहतात.

"शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यानं तिच्या नावाच्या ढीगभर नोंदी दाखवल्या. दुपारी एकच उरली. जावयाची."

"सरळ चोरी," बाईंचे सोबती कंपाउंडर म्हणाले.

"तुमची सवय जात नाही. आजार कळायच्या आत पुडी बांधता." बाई घड्याळजींकडे वळल्या. "प्रोग्राम कशाचा?"

"एकट्यानं राहणाऱ्यांसाठी काहीतरी. तिच्या लग्नापासून ती नि मी बोलत नव्हतो. जावई तेवढा यायचा. उशाचा दिवा त्यानंच दिला. तोही शुक्रवारीच बिघडला. लागतो, पण बुडातला हिरवा ठिपका गेला."

तिघं जावयाकडे गेले. त्यानं मुकाट्यानं संगणक उघडून दाखवला. पानावर पहिलीच ओळ होती: लेखिका. पुढे फक्त लेकीचं नाव.

"मग नोंदी का पुसल्या?" कंपाउंडरांनी दरडावलं.

"चूक माझी होती. जास्त विचारू नका, तिला शब्द दिलाय."

"मग मीच सांगते," बाई म्हणाल्या. "चोर आधी नाव पुसतो. यांनी नाव ठेवलं, नोंदी पुसल्या. म्हणजे नको ते नोंदींत होतं. कोडात एखाद्या यंत्राची गुप्त चावी, म्हणजे परवलीचा शब्द, लिहिली आणि पुढे खोडली, तरी जुन्या नोंदीत ती राहते. रेपॉझिटरी खुली झाली की ती जगाच्या हाती. मग चावी रद्द करायची, नोंदी पुसायच्या. आणि चावी गेली की ते यंत्र मुकं होतं, खबर पाठवू शकत नाही. कंपाउंडर, शुक्रवारी काय मुकं झालं?"

कंपाउंडर हळूच म्हणाले, "दिवा."

जावयानं मान खाली घातली. "सकाळी तुम्ही दिवा लावलात की तिला कळायचं. मगच ती चहा घ्यायची. म्हणायची, बाबांना सांगू नकोस, काढून फेकतील."

"फेकला असता," घड्याळजी म्हणाले. "आणि मला उठायला उशीर झाला तर?"

"फोन हातात धरून बसायची. लावायची नाही."

"थंडीत मी उशिराच उठायचो."

घड्याळजी जावयाकडे वळले.

"नवी चावी घालता येते?"

"येते. पण आता बघायला..."

"तू बघ," घड्याळजी म्हणाले. "मी लवकर उठत जाईन."