हत्तीच्या पायाशी सापडलेली काडी

जवळ सरका. दार असू दे उघडं.

ही आपल्या कुळमणी स्वाईची गोष्ट. धौलीला अशोक राजाचा खडक आहे ना, वर दगडी हत्ती आणि खाली कोरलेली अक्षरं, तिथं तो रात्रपाळीचा राखणदार. कलिंगाची माणसं कापल्याचा पश्चात्ताप त्या राजानं दूरदूरच्या खडकांवर कोरून ठेवला. जिथं कापली तिथं, धौलीला, मात्र नेमकं तेवढंच गाळलं. मला अजून राग येतो त्याचा.

चार वर्षांपूर्वीची दिवाळीची अवस. त्या रात्री तिकडे तागाच्या काड्या पेटवून मेलेल्या वाडवडिलांना बोलावतात आणि त्याच उजेडात परत वाटेला लावतात. कुळमणीचा बाप दया नदीच्या पुरात गेला होता, प्रेत मिळालंच नाही. आई तीन वर्षं बांगड्या घालून वाट बघत होती. त्या दिवशी तीच म्हणाली, "तागाच्या काड्या आण. आज ह्यांना बोलवू आणि वाटेला लावू. मला आता सोसवत नाही रे."

कुळमणीनं जुडी आणली, सायकलला बांधली. पण बदलीवाला कुठं प्यायला बसला कोण जाणे, आलाच नाही.

आईचा फोन आला. "दगडाची राखण करतोस, बापाची कोण करणार?"

"इथूनच बोलावतो गं."

"खुळा की काय? आपल्या उंबऱ्यावरून बोलवायचं असतं. तिथं कोण कोण ऐकेल..."

त्यानं ऐकलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी काड्या पेटवून आभाळाकडे धरल्या. "वाडवडील हो, अंधारातून या..."

वारा आला. जाळ विझला. 'उजेडातून जा' म्हणायचं राहिलं.

नदीकडून पावलं वाजली. ओली. एक माणूस नव्हे... खूप.

पायऱ्यांवर, बांधांवर, भातात... माणसं. कुणाला हात नाही. कुणाला... असो. राजानं कापलेली ती, आजवर त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. सगळ्यांत पुढं बाप. तीच चौकड्याची लुंगी.

जुडीत दोनच काड्या उरल्या होत्या.

"एक मला दे."

हत्तीपाशी एक म्हातारा उभा होता. सगळ्या गर्दीची त्याच्याकडे पाठ.

"तुम्ही कोण, आजोबा?"

"यांना इथं मी आडवं केलं. वाटेला मीच लावतो."

कुळमणीनं काडी दिली. आगपेटी ओढून धरली. पेटेना. पुन्हा धरली... पुन्हा. ठिणगीनं भडकणारा ताग तो. पेटेना.

"तेवढं इथं लिहायचं राहिलं," म्हातारा पुटपुटला.

कुणीही वळून पाहिलं नाही.

कुळमणीनं स्वतःची काडी लावली. लगेच पेटली. "उजेडातून जा... बाबा, तुम्हीही."

गेले. बाप सगळ्यांत शेवटी.

म्हातारा... तो तिथंच.

सकाळी आईनं लेकाचं तोंड पाहिलं. बांगड्या उतरवल्या आणि पोटभर रडली.

म्हाताऱ्याची काडी हत्तीच्या पायाशी पडली होती. कुळमणीनं ती घरी आढ्याला खोचली. गेल्या वैशाखात त्याचं घर जळलं. छप्पर, वासे, सायकल, सगळं गेलं. राखेत ही सापडली. पांढरीशुभ्र. घाबरून माझ्याकडे देऊन गेला.

ही घे. आगपेटी कोनाड्यात आहे.

बघ लावून.