चिमुकल्या पेटीतला वारा

आईची रांगोळी रोज अर्ध्यावरच का थांबत होती?

शर्वाणीला हे कोडं सुटेना. तिची आई, उल्का, चैत्रात गेली. लहानपणी तिनं आपल्या संगणकाला रांगोळी काढायला शिकवलं होतं. तो संगणक पुढे गंजला, पण त्याची आज्ञावली (काय करायचं ते संगणकाला सांगणारा मजकूर) आबांनी जपली. आबा म्हणजे उल्काचे वडील. उष्णतेचे शास्त्रज्ञ, पण सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणाऱ्या घरातले. टपालाच्या ड्रोननं खेळायच्या पत्त्याएवढा एकपाटी संगणक (सगळे भाग एकाच पाटीवर असलेला) आणून दिला, तेव्हा आबांनी ती आज्ञावली त्यात भरली आणि त्याला जुन्या संगणकासारखी पेटी केली. तीच फुगीर पाठ, त्याच फटी, सगळं चौथाई मापाचं.

पडद्यावर ठिपके उमटत, रेघा जुळत, आणि मधेच काळोख.

"झाकण काढून बघू या?" शर्वाणीनं विचारलं. झाकण निघालं, आणि रांगोळी पुढे सरकत राहिली.

आबांनी आतल्या चिपला बोट लावून पाहिलं. "जन्मभर उष्णता शिकवली, आणि घरच्याच पेटीत चुकलो. ही चिप जुन्या संगणकाचं सोंग घेऊन राबते, तापते. फार तापली की जळू नये म्हणून आपणच थांबते. तापलेली हवा हलकी, ती वर निघते, खालून गार हवा येते. याला अभिसरण म्हणतात.

वर जाई ऊन वारा, खालून येई गार,
वाट त्याची अडवाल तर कोंडेल घरदार."

"पण फटी आहेत की."

"परसातून पपईचा देठ आण. आणि गवताची पोकळ काडी."

देठातून फुंकर सहज गेली. काडीतून फुंकताना शर्वाणीचे गाल दुखले.

"बघ. भोक लहान झालं, हवा लहान झाली नाही," आबा म्हणाले. "कडेची हवा भिंतीला चिकटते आणि मधल्या हवेला मागे ओढते. रुंद फटीत मधे मोकळी वाट उरते, बारीक फटीत उरत नाही. आमच्याकडे घोडा लहान करायचा तर कान, शेपूट, सगळं त्याच मापात. मी फटीही तशाच केल्या."

"मग रुंद करा ना."

आबांनी पेटी पोटाशी धरली. "मग ती उल्काची राहायची नाही गो."

"आईची खोलीपण तुम्ही तशीच ठेवलीय. खिडकीसकट बंद. मला तिथं बसावंसं वाटतं, आबा. पण बसवत नाही."

आबांनी पेटी खाली ठेवली. मग त्यांनी कानस घेतली. पहिली फट त्यांनी रुंद केली. बाकीच्या फटींसाठी कानस त्यांनी शर्वाणीच्या हातात दिली.

झाकण लागलं. ठिपके भरत गेले, भरत गेले, आणि रांगोळी पुरी झाली.

"आबा, हा कोपऱ्यातला ठिपका चुकलाय."

"तेव्हाच सांगितलं होतं मी उल्काला. तर रुसून जेवली नाही." आबांनी डोळे पुसले. "सुधारतेस?"

"नको. तो राहू दे. त्याच्या शेजारी नवा ठिपका कसा टाकायचा, ते शिकवा."

आबांनी कळफलक तिच्यापुढे सरकवला.