निरोगी गटातला माणूस

“जरा धरता का? सांडायचं नाही हं.”

जाफराबादहून निघालेल्या जीपमध्ये माणसं कोंबलेली, त्यात शेजारच्या मुलीनं बर्फाचा डबा सरळ संघपालच्या मांडीवर ठेवला. संघपाल शाळेत मास्तर. पोरांवर डाफरणारा माणूस, इथं मात्र डबा दोन्ही हातांनी धरून बसला.

“कुल्फी हाये का?” त्यानं कसंबसं विचारलं.

“रक्त आहे.”

डबा हातातून सुटता सुटता राहिला. ती खुदकन हसली... आणि झालं, मास्तर गेले कामातून!

ती दीपमाला, जालन्यातल्या मस्तगडची. स्किझोफ्रेनियावरच्या संशोधनासाठी गावोगाव रक्ताचे नमुने घेत फिरायची. तुलनेसाठी तिला निरोगी घरातली माणसंही हवी होती.

“तुमच्या घरात कुणाला मानसिक आजार?”

“न्हाई,” संघपाल म्हणाला.

धादांत खोटं. धाकटी बहीण अक्षता त्याच आजाराच्या गोळ्या घेत होती. ते कळलं म्हणून दोन ठिकाणी जमलेलं त्याचं लग्न फिसकटलं होतं. ही तिसरी तरी जाऊ नये, एवढंच त्याला वाटलं. पुढच्या खेपेला रक्त देऊन गडी निरोगी गटात जाऊन बसला.

मग भेटी वाढल्या. स्टँडसमोर चहा, चहाबरोबर गप्पा.

“एवढं शोधता तरी काय?”

“अडगळ,” ती म्हणाली. “डीएनएचा बराच भाग प्रथिनं बनवत नाही, म्हणून त्याला अडगळ म्हणायचे. पण जनुकं चालू-बंद करायच्या कळा तिथंच असतात. कळ एकीकडं, जनुक कुठल्या कुठं लांब!”

“मंग कळ दबते कशी?”

“साडी उलगडली तर पदर कुठं अन् मिऱ्या कुठं? नेसून पदर खोचला की दोन्ही शेजारी. डीएनएच्याही अशाच घड्या पडतात. कळेत बारीक फरक असला, घडी जराशी वेगळी पडली, की मेंदूत जनुकाचं काम कमी-जास्त होतं. असे शेकडो फरक, वर आयुष्यात सोसलेलं... मग कुठं आजार. म्हणून तर निरोगी गट चोख लागतो. तुमच्यासारखा!”

संघपालनं कप खाली ठेवला. सांगावं तर ही जाणार, न सांगावं तर हिचं काम नासणार.

“माझं रक्त काढून टाका त्यातून,” तो म्हणाला. “माझी बहीण... तिला हाच आजार हाये. खोटं बोललो मी.”

दीपमालानं कप आदळला. “का?”

“तुम्ही जाल म्हणून.”

“कमाल करता हो! माझ्या कामात खोटं घातलंत!” ती खरंच संतापली होती.

“मलाबी होईल का?” त्यानं हळूच विचारलं.

“धोका इतरांपेक्षा जास्त. पण होईलच असं कुणीच सांगू शकत नाही.” तिनं पर्स उचलली. “चला, बहिणीला भेटायचंय मला.”

दार अक्षतानंच उघडलं. दीपमालाला तिनं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“ह्याच का त्या? रोज तुमचंच सांगून राह्यलाय हा. माझं रक्त पाहिजे?”

“तुमची मर्जी असेल तरच.”

“मंग आधी एक सांगा. माझ्यामुळं ह्याला सोडून जाणार का?”

संघपालनं मान खाली घातली. दीपमालाही क्षणभर गोंधळली, लाजली...

“जायचं असतं तर इथवर आले नसते.”

“मंग घ्या,” अक्षतानं बाही वर केली.

संघपालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“अय्या, तू काय रडून राह्यला?” अक्षता म्हणाली. “सुई मला टोचणार हाये!”