धाकट्याच्या नावाने

"शी!... शी शी शी!"

धाकट्याच्या उशीचा अभ्रा दोन बोटांत धरून ताई दारातच थबकली. दिवसभर लॉन्ड्रीत परक्यांचे मळके कपडे हाताळणारी ती. लोकांच्या घामाला तिने कधी नाक मुरडलं नव्हतं. पण सख्ख्या भावाच्या खोलीतला तो आंबूस, कोंदट वास, ताटात वाळून चिकटलेलं अन्न, चहाच्या कपात तरंगणारी बुरशी... तिने नाक दाबून धरलं! आणि हा आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला, जणू बहीण जन्मालाच आली ती त्याचं उष्टं काढायला!

नैराश्य हा आजार आहे, आळस नव्हे, हे समुपदेशक बाईंनी तिला समजावलं होतं. उपचार दुहेरी होता. आठवड्यातून एकदा बाईंसमोर बसायचं आणि मधल्या दिवसांत संगणकावरचे धडे सोडवायचे. मनात कोणता विचार आला, त्याला पुरावा काय, आज मन दहापैकी किती बरं आहे, हे रोज लिहायचं. बाई ते वाचून पुढची भेट आखायच्या. धडे दोन आठवडे कोरे राहिले तर जागा दुसऱ्या रुग्णाला. धाकट्याने चौथ्या दिवशीच हात टेकले, आणि ताईने त्याला न सांगता त्याच्या नावाने धडे भरायला घेतले. आज सहा. आज सात. 'सकाळी फिरून आलो, प्रसन्न वाटलं.' कसलं फिरणं नि कसलं काय! त्याच्यासाठी तिने परगावची बढती सोडली होती, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं; चार खोट्या ओळींचं तिला काय मोठंसं?

पण त्या आकड्यांनीच घात केला. "छान प्रगती आहे," बाई म्हणाल्या. "आता महिन्यातून एकदा भेटलं तरी चालेल. बाकी धड्यांवर भागेल." धाकट्याने नुसती मान डोलावली. आठवड्यातून एकदा तरी तो अंघोळ करून घराबाहेर पडायचा, तेही बंद झालं.

अभ्रा बादलीत भिरकावून ताई तशीच संगणकापुढे बसली. मनात आलेला विचार? 'मला माझ्या भावाची किळस येते.' पुरावा? वास, ताट, बुरशी... सगळं ओकून टाकलं तिने! आणि शेवटी लिहिलं, 'आजवरचं सगळं मीच लिहिलं. सगळं खोटं. मला माझीही शिसारी येते.' तिने ते पाठवूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दोघांना बोलावलं आणि ताईच्या संमतीने तिचा छापून घेतलेला मजकूर धाकट्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"ताई, माझा वास येतो?"

"येतो रे."

"फार?"

"फार!" आणि तिला हुंदका फुटला. "कसली बहीण रे मी! आजारी भावाची किळस..."

"अगं, मलाही येते माझी. पण बाई म्हणाल्या ना, प्रगती आहे... तेव्हा वाटलं, बरं होऊनही हे असंच वाटणार असेल, तर जगायचं तरी कशाला?"

ताईच्या काळजाचं पाणी झालं. ज्याला ती त्याग समजत आली, त्याच त्यागाने भावाला कड्याच्या टोकाशी नेऊन उभं केलं होतं!

"हे सांगितलंत ते फार बरं केलंत. यावर आपण आत्ताच बोलू," बाई खुर्ची धाकट्याजवळ ओढत म्हणाल्या. "माझंही चुकलं. आकड्यांवर विसंबले, तुम्हाला विचारलंच नाही. दर आठवड्याला यायचं. आणि ताई, तुम्हीही एकट्या येऊन भेटा मला."

तासाभराने बाईंनी संगणक त्याच्याकडे वळवला. आज मन दहापैकी किती? धाकट्याने बराच वेळ विचार करून 'एक' लिहिला. मग ताईकडे पाहिलं, तो खोडला आणि 'दोन' केला.

दोन!... ताई तिथेच, बाईंच्या देखत, ओक्साबोक्शी रडली.