साहेब उठेपर्यंत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सहाच्या ठोक्याला तिनं पर्स उचलली आणि दारात एकाच्या अंगावर जवळजवळ आदळलीच. त्याच्या हातात नकाशांची गुंडाळी होती आणि डोळ्यांत भीती.

"बसा… खाली बसा," तो कुजबुजला. "मोठे साहेब अजून उठले नाहीत."

"का, त्यांचे पाय दुखताहेत?"

त्याला हसू फुटलं, पण ते त्यानं घाईघाईनं गिळलं. त्या गिळलेल्या हसण्यावरच ती भाळली, आता काय सांगावं.

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात साहेबांच्या आधी घरी जायची पद्धत नव्हती. कामं पाचलाच उरकायची. मग मंडळी आठपर्यंत काढलेल्याच रेषांवरून पेन्सिल फिरवत बसायची. ही मात्र रोज सहाला सगळ्यांदेखत निघायची. तो – सगळे त्याला घुम्या म्हणत – नजरेनंच तिला दारापर्यंत सोडायला यायचा. दुपारी तिच्या नकाशातली चूक दाखवताना गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ टेबलावर वाकून राहायचा. ती छेडायची, तो कानापर्यंत लाल व्हायचा… आणि गाडी तिथेच अडायची.

महिनाअखेरीला तिला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. हिशेब बघणाऱ्या मावशींनी बजावलं, पोरी, चार दिवस तरी बूड टेकवून बस, नाहीतर गेलीस म्हणून समज. नोकरी काय, दुसरी मिळाली असती. घुम्या कुठून मिळणार? तरी सहाला ती उठलीच, आणि नेमकं साहेबांचं बोलावणं आलं.

ती आत गेली. तिच्यामागून, न बोलावता, घुम्याही आला.

"साहेब, यांना काढू नका." तो म्हणाला. "यांचं काम पुरं असतं. आमचंही असतं. आम्ही नुसतेच बसतो… तुम्ही उठायची वाट बघत."

साहेबांनी चष्मा काढला. "अरे, तुम्ही राबताय म्हणून मी बसतो. तुम्हाला टाकून कसा जाऊ? इतकी वर्षं बायकोची बोलणी खातोय."

मग त्यांना हसू आवरेना. तिला तर त्यांनी कायम केल्याचं सांगायलाच बोलावलं होतं. डबा उचलून ते सगळ्यांच्या आधी जिना उतरले, तेव्हा मावशींनी केवढा तरी सुस्कारा सोडला.

बाहेर अजून ऊन होतं. या वेळी रस्ता कसा दिसतो, हेच घुम्या विसरून गेला होता.

"आत एवढं बोललात," ती म्हणाली, "आणि मला महिनाभर एक शब्द नाही?"

"मला वाटलं… तुम्ही आधी बोलाल."

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबलात, मी तुमच्यासाठी. साहेबांना हसायची सोयच नाही आपल्याला."

त्याचे कान लाल झाले, पण या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "खूप."

तिचा जीव असा भांड्यात पडला, की डोळेच भरून आले.

"मलाही तू," म्हणत तिनं त्याचा हात धरला. "चल. आठपर्यंत घरी तुझी कोणी वाट बघत नाही."